फडताळांतलीं तयार पिठें

पस्तीस वर्षें प्राथमिक शाळेंत खडू हातीं धरलेल्या माणसानें स्वयंपाकाविषयीं बोलावें, ह्याचें आपणांपैकीं कित्येकांस नवल वाटेल. माझें शिक्षण मॅट्रिकपर्यंतचें. नोकरी सारी जुन्नर आणि आंबेगांव ह्या दोन तालुक्यांतील खेड्यांत झाली. आणि चार वर्षांपूर्वींपर्यंत चुलीजवळ माझें जाणें, तें केवळ पान वाढून झालें कीं नाहीं हें पाहण्यापुरतें. तेव्हां पाकशास्त्राचा अधिकारी म्हणून मी बोलत नाहीं. साठी उलटल्यावर जो धडा मला स्वतःस गिरवावा लागला, तोच आज आपणांपुढें मांडीत आहें. विषय साधा आहे. घरीं अगोदर करून ठेवलेलीं किंवा बाजारांत पुड्यांतून मिळणारीं कोरडीं मिश्रणें, ज्यांस दुकानदार आतां सर्रास 'मिक्स' म्हणतो, तीं नेमकीं काय असतात, आणि त्यांपासून एकट्यादुकट्याचें सोपें, पोटभर जेवण कसें करावें, एवढेंच मला सांगावयाचें आहे.

ह्या विषयाकडे मी कसा वळलों, तें प्रथम सांगतों. चार वर्षांपूर्वीं आषाढांत माझी पत्नी निवर्तली. मुलगा आणि सून नोकरीनिमित्त पुण्यास. मी जुन्नरचें घर सोडण्यास तयार नव्हतों. दिवसकार्य आटोपून सारे परत गेले, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं मीं स्वयंपाकघरांतील फडताळ उघडलें. आंत पितळेचे आणि ॲल्युमिनियमचे डबे ओळीनें मांडलेले होते. एकावरही चिठ्ठी नव्हती. झाकणें काढून, वास घेऊन, जिभेवर चिमूट टाकून मीं ओळख पटविली. ही थालीपिठाची भाजणी, हें मेतकूट, हा काळा मसाला, हें मासवडीचें कोरडें सारण, हा भाजलेला रवा. जी घरांत उरली नव्हती, तिनें वैशाखांत करून ठेवलेल्या ह्या जिनसांवर मी भाद्रपदापर्यंत जेवलों. भाजणी भिजवून तव्यावर थापावी, आणि भातावर मेतकूट व तूप घालावें, इतकें मला कसेंबसें जमूं लागलें होतें.

मग एके दिवशीं भाजणीचा डबा रिकामा झाला. तळ खरडून पाहिला, तरी हाताला कांहीं लागेना. त्या क्षणीं ध्यानांत आलें कीं, ह्या डब्यांत काय काय आणि किती किती घातलेलें असे, हें मला ठाऊक नाहीं. आणि जिला ठाऊक होतें, तिला आतां विचारतां येणार नाहीं. दुसरी एक गोष्ट मनाला अधिक लागली. शाळेंतील मध्यान्ह भोजनाचा हिशेब मीं वर्षानुवर्षें ठेवला होता. प्राथमिक वर्गांत दर मुलामागें १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, हें प्रमाण मला झोपेंतही आठवत असे. शंभर मुलांच्या खिचडीचा हिशेब बिनचूक मांडणाऱ्या ह्या गुरुजीस एका माणसाची खिचडी शिजवितां येत नव्हती.

पत्नीची थोरली बहीण ओतुरास असते. तिला मीं दूरध्वनीवरून विचारलें, "अक्का, भाजणीचें माप सांगा."

ती म्हणाली, "अहो गुरुजी, माप कसलं विचारतां? हाताला कळतंय तें. बाजरी जरा जास्ती, डाळी बेताच्या, नि धनं-जिरं वास येईल इतपत."

"बेताच्या म्हणजे किती?"

"बेताच्या म्हणजे बेताच्या!"

तिचें उत्तर ऐकून मला हंसूं आलें. परंतु विचार करतां वाटलें कीं, अक्का खोटें बोलत नव्हती. ज्ञान होतें, पण तें हातांत होतें, कागदावर नव्हतें. ह्या अक्काकडे मी शेवटीं पुन्हा येईन. आधीं हीं मिश्रणें म्हणजे काय, तें पाहूं.

स्वयंपाकांतील जीं कामें पाण्यावांचून होऊं शकतात, तीं सारीं अगोदर उरकून ठेवणें, म्हणजे तयार मिश्रण करणें. निवडणें, प्रमाण ठरविणें, भाजणें, दळणें आणि मिसळणें, हीं तीं पांच कामें. मागें उरतात तीं पाणी आणि विस्तव. भूक लागल्यावर करावयाचें काम त्यामुळें थोडें राहतें. ही कल्पना परक्या मुलखांतून आलेली नव्हे. आपल्या घरोघरचें मेतकूट, भाजणी, सातूचें पीठ, शेवया, कुरडया हा सारा तोच प्रकार आहे. पुड्यावर छापलेलें नांव तेवढें नवें.

हीं पिठें महिनोन्महिने टिकतात कां? साठवणीच्या धान्यांत साधारणपणें शेंकडा दहाबारा भाग पाणी असतें. बुरशीस व किडीस जगावयाला हें पाणी लागतें. मंद आंचेवर धान्य खरपूस भाजलें, म्हणजे त्यांतील बरेंचसें पाणी उडून जातें, असलेली कीड मरते आणि कच्चा वास जाऊन खमंगपणा येतो. भाजून दळलेलें पीठ लवकर शिजतें, ह्याचेंही कारण स्पष्ट आहे. अख्ख्या दाण्याच्या गाभ्यापर्यंत पाणी आणि उष्णता पोहोंचावयास वेळ लागतो. दळलेल्या कणाचा गाभा जवळ असतो.

भाजणींत आणखी एक शहाणपण आहे. प्रथिनें ज्या घटकांचीं बनतात, त्यांपैकीं लायसिन नांवाचा एक घटक तृणधान्यांत कमी असतो आणि डाळींत पुरेसा असतो; मेथिओनिन नांवाचा दुसरा डाळींत कमी, तर धान्यांत बरा असतो. बाजरी आणि हरभऱ्याची डाळ एकत्र आली, कीं एकीची उणीव दुसरी भरून काढते. आपल्या आज्यापणज्यांस हीं नांवें ठाऊक नव्हतीं. जोडी मात्र त्यांनीं अचूक जमविली.

आमच्या जुन्नर-आंबेगांवकडील मासवडी आपणांपैकीं पुष्कळांनीं खाल्ली असेल. नांवांत मासा आहे, पदार्थांत नाहीं. वड्यांचा आकार तेवढा माशाच्या तुकड्यासारखा. पाहुण्यांपुढें वाढावयाचा हा पदार्थ खटपटीचा समजला जातो. परंतु त्याची उकल करून पाहिली, तर ती तीन मिश्रणांची बेरीज आहे. बाहेरचें आवरण म्हणजे घट्ट शिजविलेलें बेसन. आंतील सारण म्हणजे भाजलेले तीळ आणि सुकें खोबरें, त्यांत ऐन वेळीं मिळविलेला कांदा-लसूण. आणि सोबतचा झणझणीत रस्सा म्हणजे वर्षाचा काळा मसाला. ज्या घरांत तीळखोबऱ्याचा कोरडा भाग व मसाला फडताळांत तयार असे, तेथील गृहिणी अवचित आलेल्या पाहुण्यासही मासवडी वाढूं शके.

आतां बाजारच्या पुड्यांकडे वळूं. इंग्लंडांत आल्फ्रेड बर्ड ह्या औषधविक्यानें १८३७ सालीं अंड्यावांचून होणारी कस्टर्डची पूड काढली आणि १८४३ सालीं बेकिंग पावडर तयार केली. त्याच्या पत्नीस अंडीं आणि यीस्ट सोसत नसत, हें त्याचें कारण. १८४५ सालीं ब्रिस्टल येथील हेन्री जोन्स ह्यानें आपोआप फुगणाऱ्या पिठाचें पेटंट घेतलें. अमेरिकेंत मिसूरी राज्यांतील सेंट जोसेफ गांवीं १८८९ सालीं घावनासारख्या एका पदार्थाचें तयार पीठ निघालें. आपल्याकडे बेडेकरांचें दुकान गिरगांवांत १९१० सालीं सुरू झालें आणि त्यांचे मसाले व लोणचीं घराघरांत गेलीं. बेंगळूरच्या मावळ्ळी टिफिन रूम्सचें उपाहारगृह १९२४ पासूनचें. दुसऱ्या महायुद्धांत ब्रह्मदेशचा तांदूळ येईनासा झाला, तेव्हां तेथें तांदळाऐवजीं रव्याची इडली करून पाहण्यांत आली, आणि पुढें १९७५ च्या आणीबाणींत उपाहारगृहांवर भाव उतरविण्याची सक्ती झाल्यावर त्यांनीं पुड्यांतील मिश्रणांच्या विक्रीकडे लक्ष दिलें, असें सांगतात. आमच्या पुण्यांत गिट्स ही तयार मिश्रणांची कंपनी १९६३ सालीं निघाली.

ह्या इतिहासांत एक सूत्र दिसतें. कोणाची प्रकृति, कोठें तांदळाची टंचाई, कोठें भावाची सक्ती, अशी कांहीं अडचण आली, म्हणजे तयार पीठ पुढें येतें. १९७२ च्या दुष्काळांत मी दहाबारा वर्षांचा होतों. दुष्काळी कामावर खडी फोडणाऱ्या लोकांना सुकडी वांटीत. भाजलेल्या पिठाचा तो गोड भुगा ओंजळींत घेऊन खाल्ल्याचें मला आठवतें. तिला ना चूल लागे, ना भांडें. तेव्हां तयार मिश्रण ही आळशी माणसाची सोय, असें जे म्हणतात, त्यांनीं ती ओंजळ आठवावी. अडचणींतल्या माणसाची ती शिदोरी आहे. आणि म्हातारपण व एकटेपण ह्या कांहीं लहान अडचणी नव्हेत.

भाजणी संपल्यावर मीही दुकानांतून पाकिटें आणूं लागलों. त्यांत माझी फजिती कशी झाली, तेंही सांगतों. कारण त्यांत शिकण्यासारखें आहे. दिवाळींत मुलगा, सून आणि नातू आले. सर्वांना इडली करून घालावी, ह्या उत्साहानें मीं इडलीच्या मिश्रणाचीं दोन पाकिटें आदल्या रात्रीं पाण्यांत कालवून ठेवलीं. इडलीचें पीठ रात्रभर आंबवावें लागतें, इतकें मला ऐकून ठाऊक होतें. सकाळीं पात्रांतून ज्या चकत्या निघाल्या, त्या पाटीवर खडूऐवजीं चालल्या असत्या. नातू म्हणाला, "आजोबा, ही इडली आहे कीं कॅरमची सोंगटी?" सूनबाईंनीं रिकामें पाकीट उचललें आणि हळूच म्हटलें, "बाबा, मागें लिहिलंय ना, कालवल्यावर लगेच वाफवा म्हणून." पस्तीस वर्षें मुलांना 'आधीं प्रश्न नीट वाचा' म्हणून सांगणाऱ्या माणसानें पाकीट वाचलें नव्हतें.

झालें होतें असें. घरच्या इडलीच्या पिठांत सूक्ष्म जीव रात्रभर सावकाश वायु निर्माण करतात, म्हणून तें हळूहळू फुगतें व आंबट होतें. पाकिटांतील मिश्रणांत हें काम खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्लासारखें एखादें कोरडें आम्ल ह्यांच्याकडे असतें. कोरडीं असतांना दोघें शेजारीं शेजारीं स्वस्थ बसतात. पाणी लागतांच त्यांचा संयोग होऊन कर्बद्विप्राणिल वायु, म्हणजेच कार्बन डायऑक्साइड, सुटूं लागतो. त्याचे बुडबुडे पिठांत आहेत तोंच वाफ लागली, तर पीठ त्यांच्याभोंवतीं घट्ट होऊन जाळी धरतें. उशीर केला, तर वायु निघून जातो आणि मागें लगदा उरतो. म्हणून असल्या मिश्रणास पाकिटावर सांगितलेल्या वेळेपलीकडे थांबवूं नये, फार घोटूंही नये, आणि पात्रांतील पाणी उकळूं लागल्यावरच पीठ कालवावें. पाकीट फोडून पावसाळ्यांत तसेंच ठेवलें, तर हवेंतील ओलाव्यानेंही सोड्याचें बळ डब्यांतल्या डब्यांत सरतें. असें पीठ वासानें चांगलें लागतें. परंतु फुगत नाहीं.

तेव्हां पाकीट वाचावें कसें, हा पुढचा धडा. चष्मा लावून चार गोष्टी पाहाव्या.

पहिली गोष्ट घटकांची यादी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमानें छापावे, असा आपल्या देशांत नियम आहे. जें सर्वांत अधिक, तें प्रथम. नाचणीच्या मिश्रणाच्या पाकिटावर नाचणीचें चित्र मोठें असेल, आणि यादींत मैदा पहिला व नाचणी चौथी असेल, तर आपण मैदा विकत घेत आहों, असें समजावें. यादींत कांहीं आंकडेही असतात. ५०० ह्या क्रमांकाखालीं खाण्याचा सोडा येतो, ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल. आंकडा दिसला म्हणून भिण्याचें कारण नाहीं. तो कशाचा, तें जाणून घ्यावें.

दुसरी गोष्ट मीठ. पोषणाच्या तक्त्यांत तें 'सोडियम' ह्या नांवानें लिहिलेलें असतें. सोडियमच्या आंकड्यास अडीचनें गुणलें, म्हणजे मिठाचें वजन मिळतें. समजा, १०० ग्रॅम मिश्रणांत ९०० मिलिग्रॅम सोडियम आहे आणि पाकीट २०० ग्रॅमचें आहे. साऱ्या पाकिटांत १८०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे साडेचार ग्रॅम मीठ झालें. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसास सबंध दिवसांत पांच ग्रॅमहून कमी मीठ घेण्यास सांगते. तेव्हां एकट्यानें तें पाकीट एका दिवसांत संपविलें, तर दुसऱ्या जेवणांतील आमटी, लोणचें आणि पापड ह्यांना जागाच उरत नाहीं. रक्तदाब असलेल्या माझ्या वयाच्या श्रोत्यांनीं हा गुणाकार अवश्य करावा.

तिसरी गोष्ट तारीख आणि अन्नसुरक्षा खात्याचा चौदा आंकडी परवाना क्रमांक. चौथी गोष्ट वजन आणि किंमत. पाकिटाची किंमत न पाहतां किलोची किंमत काढावी, आणि शेजारीं साध्या रव्याची, डाळीची किंमत मांडावी. मधला फरक म्हणजे आपण दुसऱ्याच्या श्रमास दिलेली मजुरी होय. ती देऊं नये, असें मी म्हणत नाहीं. आजारी माणसानें, परगांवीं शिकणाऱ्या मुलानें, दिवसभर राबून आलेल्या बाईनें ती खुशाल द्यावी. मात्र किती देतों, हें ठाऊक असावें.

हा हिशेब मांडल्यावर मला वाटलें कीं, रोज लागणारीं दोनचार मिश्रणें घरींच करावीं, आणि पाकीट अडीअडचणीस असावें. ज्यांनीं कधीं पळी हातीं धरलेली नाहीं, त्यांनाही जमतील अशीं तीं मिश्रणें आतां सांगतों.

पहिलें उपम्याचें. अर्धा किलो रवा मंद आंचेवर खमंग भाजून बाजूस काढावा. कढईंत पळीभर तेल तापवून मोहरी, दोन चमचे उडदाची डाळ, हिंग, सुक्या लाल मिरच्यांचे तुकडे आणि कढीलिंबाचीं पानें घालावीं. पानें कुरकुरीत होईपर्यंत परतावीं. त्यांत ओल राहिली, तर सारें मिश्रण बुरसतें. मग रवा व बेतानें मीठ घालून पुन्हा परतावें, आणि पूर्ण निवाल्यावर डब्यांत भरावें. जेवतेवेळीं एक वाटी मिश्रणास अडीच वाट्या पाणी उकळावें, त्यांत मिश्रण ढवळीत ढवळीत सोडावें, आणि झांकण ठेवून पांच मिनिटें वाफ द्यावी.

दुसरें पिठल्याचें. दोन वाट्या बेसन मंद आंचेवर वास सुटेपर्यंत भाजून त्यांत हळद, तिखट, मीठ, जिऱ्याची पूड व हिंग मिसळावा. एका वाटीस तीन वाट्या पाणी. येथें एक भेद ध्यानीं ठेवावा. रवा उकळत्या पाण्यांत घालावयाचा, परंतु बेसन आधीं थंड पाण्यांत कालवावयाचें. बारीक पिठावर एकदम उकळतें पाणी पडलें, तर वरचा थर तात्काळ शिजून चिकट होतो आणि आंतलें पीठ कोरडेंच कोंडलें जातें. त्यालाच आपण गुठळी म्हणतों. रव्याचे कण मोठे व सुटे असल्यानें ते गुठळी कमी धरतात. नाचणीच्या पिठाची आंबील करतांनाही पिठल्याचाच नियम पाळावा. आंबेगांवच्या पश्चिम भागांत, डोंगराच्या वाड्यांवर, मी ही आंबील पुष्कळ प्यालों आहें. थंड पाण्यांत पीठ कालवून मग चुलीवर चढवितांना तेथील बायकांस मीं पाहिलें होतें; त्याचें कारण मला इतक्या वर्षांनीं कळलें.

ह्याच बेसनाच्या मिश्रणांत पाणी तिनाऐवजीं दीड वाटी घालून तें घट्ट शिजविलें, कीं मासवडीचें आवरण होतें. ओल्या फडक्यावर तें गरम असतांनाच पातळ थापावें, सारण पसरून फडक्याच्या साह्यानें गुंडाळी करावी, दाबून वड्या कापाव्या. पहिल्या खेपेस माझी गुंडाळी फाटली. दुसऱ्या खेपेस बरी झाली.

तिसरें खिचडीचें. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मुगाची डाळ धुऊन, कडक उन्हांत पूर्ण वाळवून, मग हलकें भाजावें. हळद, जिरें, मिरीं, हिंग आणि मीठ त्यांतच मिसळावें. मसाला मिसळल्यावर धुतां येत नाहीं, म्हणून धुणें आधीं. एका वाटीस चार वाट्या पाणी घातलें, म्हणजे कुकरमध्यें म्हाताऱ्या दातांना सोसेल अशी मऊ खिचडी होते. एक वाटी दोघांना पुरते.

मिश्रण घरचें असो वा विकतचें, तें जेवणाचा पाया आहे, सबंध जेवण नव्हे. कोरड्या पिठांत नसतें तें ताज्या जिनसांतून आणावें. आमच्याकडे नारायणगांवचे टोमॅटो, मंचरकडचे बटाटे, शेतांतली मेथी आणि कांदापात सहज मिळते. उपम्यांत मूठभर वाटाणा, खिचडींत चिरलेली पालेभाजी, थालीपिठांत कांदा आणि कोथिंबीर, शेजारीं वाटीभर दही किंवा ताक, एवढ्यानें पान पुरें होतें. विकतचें मिश्रण खारट वाटलें, तर त्यांत साधा भाजलेला रवा किंवा तांदळाचें पीठ निम्मेशिम्मे मिळवावें. मीठही निम्में होतें आणि पैसेही वांचतात. इडली-ढोकळ्यासारख्या फुगणाऱ्या पिठांत मात्र ही भर फार घालूं नये; सोड्याचें प्रमाण बिघडतें.

ठेवणीविषयीं दोन शब्द. आपल्या पश्चिमपट्टींत आषाढ-श्रावणांत भिंतींसही ओल येते. मिश्रण पूर्ण निवल्यावांचून डब्यांत भरूं नये. गरम पिठाची वाफ झांकणास लागून थेंबाथेंबानें परत पिठांत पडते. चमचा कोरडा असावा. मोठ्या डब्यांतून आठवड्यापुरतें लहान बरणींत काढून घ्यावें, म्हणजे मोठा डबा वरचेवर उघडावा लागत नाहीं. तेल घातलेलें मिश्रण महिन्याच्या आंत संपवावें, कारण तेल जुनें झालें कीं खवट होतें. आणि प्रत्येक डब्यावर नांव व तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवावी.

ही चिठ्ठी मला पुन्हा अक्काकडे घेऊन जाते. त्या वर्षीं माघांत मी ओतुरास गेलों, तो वाण्याकडून वजनकांटा मागून घेऊनच. अक्कास म्हटलें, "तुम्ही सांगूं नका, नेहमीप्रमाणें हातानें काढा. मी फक्त मोजतों." ती हंसली, पण सुपांत एकेक धान्य काढीत गेली आणि मी वजन लिहीत गेलों. बाजरी एक किलो. ज्वारी, तांदूळ आणि हरभऱ्याची डाळ प्रत्येकीं अर्धा किलो. उडदाची डाळ आणि गहू प्रत्येकीं पाव किलो. धने १०० ग्रॅम, जिरें ५० ग्रॅम. सारें मिळून ३ किलो १५० ग्रॅम. मला शंका आली, म्हणून दुसरा घाणा तिला पुन्हा हातानेंच काढावयास लाविलें. दोन्ही खेपांचीं वजनें जवळजवळ सारखीं आलीं. अक्काचा हात वाण्याच्या कांट्याइतकाच खरा निघाला. मग तिनें सांगितलें, तें मीं लिहून घेतलें: प्रत्येक धान्य वेगळें भाजावें, कारण लहानमोठा दाणा एका वेळीं भाजून होत नाहीं, उडीद विसरूं नये, त्याच्या चिकटपणानें थालीपीठ तुटत नाहीं, आणि गिरणींत मिरचीच्या दळणानंतर आपला डबा लावूं नये.

त्या भाजणीचें पहिलें थालीपीठ मीं जुन्नरास येऊन लाविलें. एक वाटी भाजणी, चिरलेला कांदा, कोथिंबीर, तिखट, मीठ. बेताबेतानें कोमट पाणी घालून गोळा दहा मिनिटें झांकून ठेविला, ओल्या फडक्यावर थापला, मधें भोंक पाडून तेल सोडलें. एका वाटींत दोन झालीं. पहिला घास घेतांच ओळख पटली. सख्ख्या बहिणींचा हात एकच होता.

श्रोते हो, तें प्रमाण आतां माझ्या वहींत आहे, पुण्यास सूनबाईंच्या फडताळाच्या दारावर आहे, आणि नातवानेंही आपल्या अक्षरांत उतरून घेतलें आहे. आपणांस माझी विनंति एवढीच. ह्या वैशाखांत आपल्या घरीं भाजणी, मेतकूट, मसाला होईल, तेव्हां कोणीतरी शेजारीं कांटा आणि कागद घेऊन बसावें. विशेषतः घरांतील पुरुषांनीं बसावें. विकतचें पाकीट आणण्यांत कमीपणा नाहीं. मीही आणतों, आणि आतां वाचून आणतों. भाकरीच्या पिठाचा डबा कोणता, हें ठाऊक नसतांना सारा जन्म जेवीत राहिलों, ह्याचा मात्र मला कमीपणा वाटतो. विचारावयाचें तें माणूस शेजारीं आहे, तोंवर विचारून घ्यावें.